निवेदक अर्धंच सांगतो, तेव्हा वाचकानं काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक गाजलेली साहित्यिक कादंबरी वाचायला घेतली आहे. पहिल्याच प्रकरणात घरातला एक माणूस नाहीसा होतो आणि पुढची सगळी गोष्ट त्याच घरातली एक बाई 'मी' म्हणून सांगते. तिला बरंच काही माहीत नाही, आणि जे माहीत आहे तेही ती आडवळणानं सांगते. निम्मं पुस्तक संपलं तरी नक्की काय झालं ते कळत नाही. वाचणाऱ्याची चिडचिड होते, आणि ज्यांनी वाचलंय ते मात्र म्हणतात की पुस्तक अप्रतिम आहे. मग शेवट आधी वाचून टाकावा, पुस्तक सोडून द्यावं, की अशा कादंबऱ्या वाचायची काही वेगळी रीत असते?

रीत असते, आणि ती अंगवळणी पडायला फार वेळ लागत नाही. मी बरीच वर्षं कादंबऱ्यांच्या हस्तलिखितांचं संपादन करते आहे. अशा निवेदनाची कादंबरी आली की लेखकाशी माझं सगळ्यात जास्त बोलणं एकाच गोष्टीवर होतं: या पानावर निवेदकाला काय माहीत आहे आणि वाचकाला काय माहीत आहे. त्या दोहोंत जे अंतर राहतं, त्यात अशा कादंबरीची सगळी गंमत साठलेली असते. शेवट आधी वाचलात तर घटना कळेल, पण पहिल्या वाचनात ते अंतर हळूहळू कमी-जास्त होताना अनुभवायची संधी जाईल, आणि ती एका पुस्तकाच्या बाबतीत एकदाच मिळते. म्हणून शेवट वाचू नका.

चिडचिड का होते तेही समजून घ्यायला हवं. आपण बहुतेक जण रहस्यकथा वाचत मोठे झालेले असतो. तिथे एक हुशार माणूस पुरावे गोळा करतो, आणि शेवटी तो सगळं उलगडून सांगणार याची आपल्याला खात्री असते. इथे तसा हमी देणारा कुणी नाही. जी सांगते आहे तीच घडलेल्या गोष्टीत गुंतलेली आहे. तेव्हा 'काय झालं?' या प्रश्नाच्या शेजारी दुसरा एक प्रश्न मनात जागा ठेवा: 'ही बाई हे मला असं का सांगते आहे?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर दोनशे पानं मिळणार नाही. दुसऱ्याचं थोडं थोडं उत्तर जवळजवळ प्रत्येक पानावर मिळत असतं.

एक उदाहरण घेऊ. कुठल्या पुस्तकातलं नको, मीच चार ओळी रचते:

'दादा खाली गेला तेव्हा मी माझ्या खोलीत होते. दार लावलेलं होतं. नक्की लावलेलं होतं, कडीचा आवाज मला आठवतो. पाऊस थांबला होता, म्हणून त्यानं छत्री नेली नाही. छत्री अजून कोपऱ्यात आहे. मी ती हलवलेली नाही. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते.'

घाईत वाचलं तर यातून एवढंच हाती लागतं की दादा गेला आणि छत्री राहिली. आता जरा सावकाश वाचा. दार लावलेलं होतं, तर तो खाली गेला हे तिला कळलं कसं? पावलांचा आवाज आला असेल. छत्री नेली नाही, हे नंतर पाहिलं असेल. इथपर्यंत ठीक. पण 'म्हणून' कुठून आलं? छत्री न नेण्याचं कारण तिला कुणी सांगितलेलं नाही. ते तिनं लावलेलं कारण आहे, आणि ती ते डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगते आहे. शिवाय 'नक्की' हा शब्द बघा. दार लावलं होतं की नाही, असं आपण तिला विचारलं नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माणूस ठासून देतो, तेव्हा तो प्रश्न त्याला दुसऱ्या कुणीतरी विचारलेला असतो, किंवा तो स्वतःच स्वतःला विचारत असतो. शेवटचं वाक्य तर सरळच कबूल करतं की हे बोलणं आज पहिल्यांदा होत नाहीये. ते बोलून बोलून घोटलेलं आहे.

आणि कडी. दार नुसतं ओढून घेता येतं. तिनं कडी घातली. भाऊ घरात असताना तिला आतून कडी का घालावीशी वाटली? या एका शब्दानं दादा कुठे गेला यापेक्षा त्या घरात त्याआधीच्या तासाभरात काय झालं असेल, ही उत्सुकता जास्त वाढते. चांगला लेखक हे प्रश्न उघडपणे विचारत नाही. कडी पानावर ठेवतो आणि पुढे जातो.

आता यातून काय काढायचं? तिनं काहीतरी केलं असेल. किंवा तिनं काहीच केलं नसेल आणि तेच तिला खात असेल: दार उघडून ती बाहेर आली असती तर तो थांबला असता. किंवा यातलं काहीही नसेल. माणूस गेल्यावर घरातले लोक शेवटच्या दिवसाचा तपशील पुन्हा पुन्हा उगाळतात, तेवढंच असेल. नव्यानं असं साहित्य वाचणारे यातली पहिली शक्यता झटकन उचलतात आणि पुढचं सगळं पुस्तक तिला पकडायच्या इराद्यानं वाचतात. मला हे फार खटकतं. गेल्या काही वर्षांत शेवटी धक्का देणाऱ्या कादंबऱ्या इतक्या आल्या की 'मी' म्हणणारं पात्र दिसलं की ते खोटारडं असणार, असं वाचक गृहीतच धरतात. तिन्ही शक्यता एकदम मनात बाळगून पुढे जाता आलं तर उत्कंठा टिकते. एक निवडली की ती तिथेच संपते, मग पुढच्या पानांचं ओझं वाटायला लागतं. चिडचिडीचं मूळ पुष्कळदा तिथे असतं.

'अविश्वसनीय निवेदक' ही संकल्पना वेन बूथ या अमेरिकन समीक्षकानं १९६१ साली 'द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन' या ग्रंथात मांडली. त्याच्या मांडणीत खोटं बोलण्यापुरता हा मामला नव्हता. निवेदक ज्या मूल्यांनी जगाकडे बघतो आणि ती कादंबरी एकंदरीत ज्या मूल्यांवर उभी आहे, यांत फट पडली की निवेदक अविश्वसनीय होतो. म्हणजे एखादा निवेदक अत्यंत प्रामाणिक असूनही त्याचं म्हणणं आपल्याला जसंच्या तसं घेता येत नाही.

मर्यादित, म्हणजे सगळं न जाणणारे किंवा न सांगणारे, निवेदकही एका प्रकारचे नसतात. काहींना खरोखरच माहीत नसतं, कारण ते लहान असतात, परके असतात, किंवा त्या प्रसंगी दुसरीकडे असतात. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो'मध्ये गुन्ह्याचा शोध वगैरे काही नाही, तरी हे शिकायला ती उत्तम आहे. 'करमणूक' या पत्रात १८९० पासून क्रमशः आलेली ही कादंबरी यमू स्वतः सांगते. लहानपणीच्या प्रसंगांत मोठ्यांचं बोलणं, रुसवेफुगवे, दबलेला राग ती जसा दिसला तसा सांगते, आणि त्याचा अर्थ त्या वयातल्या यमूच्या आधी आपल्याला लागतो. पुढे काय वाढून ठेवलं आहे याची धास्ती तिच्याआधी आपल्याला बसते. ही उत्कंठा रहस्यातून येत नाही, आपल्याला तिच्यापेक्षा थोडं जास्त कळतं यातून येते.

काही निवेदकांना माहीत असतं आणि ते सांगत नाहीत. हे त्या मानानं सोपं प्रकरण आहे. एकदा ते कळलं की आपण सावध होतो.

सगळ्यात समृद्ध आणि वाचायला सगळ्यात अवघड असतात ते तिसरे, ज्यांना माहीत असतं पण ते स्वतःशीही कबूल करत नाहीत. काझुओ इशिगुरोच्या १९८९ सालच्या 'द रिमेन्स ऑफ द डे'चा निवेदक स्टीव्हन्स हा एका मोठ्या घरचा बटलर आहे. घरात महत्त्वाची परिषद चालू आहे, वरच्या मजल्यावर त्याचे वडील शेवटच्या घटका मोजत आहेत, आणि तो खाली पाहुण्यांची सरबराई करतो आहे. आपल्याला रडू आलं असं तो कुठेही म्हणत नाही. पण एक पाहुणा त्याला विचारतो की तुम्ही बरे आहात ना, आणि मालक म्हणतो की तुम्ही रडत असल्यासारखे दिसता. दिवसभराच्या कामाचा ताण आहे, असं सांगून तो विषय संपवतो. निवेदनात अश्रूंची एक ओळ नाही, तरी आपण ते पाहिलेले असतात.

यातून एक कामाची सवय घेता येते. निवेदकाच्या टिप्पणीपेक्षा इतर पात्रांच्या थेट संवादांवर जास्त लक्ष द्या. निवेदक स्वतःच्या मनाचं वर्णन हवं तसं करू शकतो, पण दुसऱ्याच्या तोंडचं वाक्य त्यानं उद्धृत केलं की त्याच्या नजरेबाहेरची एक नजर पुस्तकात शिरते. कुणीतरी त्याला 'तू हल्ली झोपतोस का?' असं विचारतं आणि तो भलत्याच विषयावर जातो. त्या जागी थांबा. कुणी त्याच्याशी बोलताना एकदम अदबीनं वागायला लागतं, कुणी खोलीतून उठून जातं, कुणी हसायच्या जागी हसत नाही. निवेदक याचा अर्थ लावत नाही किंवा चुकीचा लावतो. तो आपण लावायचा असतो.

दुसरी सवय काळाची. 'मी' असं एकदा म्हटलं तरी त्यात दोघं असतात: ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो, आणि पुष्कळ दिवसांनी बसून तो सांगणारा. डॅफ्ने ड्यू मोरिएची 'रिबेका' (१९३८) सुरूच होते ती सगळं घडून गेल्यानंतरच्या एका स्वप्नानं. आपली निवेदिका त्यातून जिवंत बाहेर पडली आहे, हे पहिल्या प्रकरणातच कळतं. तरी पुढची शेकडो पानं श्वास रोखून वाचली जातात, कारण आता सांगणारी बाई आणि तेव्हाची बुजरी, नवखी मुलगी यांच्यात काय काय घडलं ते आपल्याला हवं असतं. जाता जाता, या निवेदिकेचं स्वतःचं पहिलं नाव अख्ख्या कादंबरीत येत नाही. घरावर जिचा अंमल आहे त्या मृत स्त्रीचं नाव मात्र शीर्षकातच आहे.

तुमच्या कादंबरीत हे दोन 'मी' शोधा. 'तेव्हा मला वाटलं', 'आज मागे वळून पाहताना', 'हे मला पुष्कळ नंतर समजलं' असे शब्द कुठे येतात ते बघा, आणि ते कुठे येत नाहीत तेही बघा. एखादा निवेदक सगळीकडे असं मागे वळून बोलतो आणि नेमका एका रात्रीच्या प्रसंगी वर्तमानकाळात शिरतो. तो प्रसंग त्याच्यासाठी अजून संपलेला नाही, असं लेखक आपल्याला सांगत असतो. तो हे सगळं कुणाला सांगतो आहे, यावरही पुष्कळ अवलंबून असतं. पोलिसाला, मुलीला, डायरीला की कुणालाच नाही? मुलीला सांगणारा बाप काय गाळेल याचा अंदाज आपण करू शकतो.

कादंबरी 'मी'ऐवजी 'ती' म्हणत सांगितलेली असली म्हणून निवेदक सर्वज्ञ असतो, असंही समजू नका. जेन ऑस्टिनची 'एमा' (१८१५) तृतीयपुरुषात आहे, पण आपण जवळजवळ सगळं एमाच्या नजरेनं आणि तिच्या आत्मविश्वासानं बघतो. त्यात एक गुप्त गोष्ट आहे आणि तिची चिन्हं उघड्यावर पडलेली आहेत. एमाला ती दिसतात आणि ती त्यांचा दरवेळी भलता अर्थ लावते. एकही खून नसताना रहस्य कसं रचावं, याचा त्याहून चांगला धडा मला माहीत नाही.

आता शेवटाबद्दल. काही कादंबऱ्या शेवटीही उत्तर देत नाहीत आणि वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. हेन्री जेम्सची 'द टर्न ऑफ द स्क्रू' १८९८ साली आली. एका एकाकी घरात दोन मुलांना सांभाळायला आलेली शिक्षिका सांगते की तिला तिथे मृत माणसं दिसतात. भुतं खरी आहेत की तिच्या मनाचे खेळ आहेत? एडमंड विल्सन या समीक्षकानं १९३४ साली दुसरी बाजू जोरात मांडली, आणि तेव्हा पेटलेला वाद आजही विझलेला नाही. मजकुरात दोन्ही बाजूंना आधार आहे. तुम्ही एक बाजू घेऊन वाचता तेव्हा पुस्तक तुम्हाला भरपूर साथ देतं, आणि नेमक्या महत्त्वाच्या ठिकाणी हात सोडतं. हे मोठ्या कसबाचं काम आहे. अशा पुस्तकाच्या शेवटी 'खरं काय?' असं विचारण्यापेक्षा 'मी कुठल्या पानावर तिच्यावर विश्वास ठेवायचं ठरवलं, आणि का?' असं विचारून बघा.

पण सगळीच मौनं कसबी नसतात. पुष्कळ हस्तलिखितांत मला नुसती लपवाछपवी सापडते, आणि त्या वेळी वाचकाचा राग रास्त असतो. निवेदक एका पत्रातला मजकूर स्वतः वाचतो, हादरतो, आणि ते पत्र आपल्याला मात्र दीडशे पानांनी दाखवलं जातं. त्या क्षणी त्याच्या मनात दुसरं काही येणं शक्यच नसताना तो खिडकीबाहेरच्या ढगांचं वर्णन करत बसतो. निवेदकाच्या स्वभावातून न येता लेखकाच्या सोयीसाठी आलेली गुप्तता हीच. ओळखायची खूण अशी: रहस्य कळल्यावर मागे जाऊन तीच वाक्यं पुन्हा वाचायची. वाक्यं दोन्ही अर्थांनी टिकली पाहिजेत.

मघाचा उतारा घ्या. समजा दोनशे पानांनंतर ती सहज म्हणून जाते, 'आमच्याकडे छत्र्या दोन होत्या. एक आईची.' मागे जाऊन बघा: ती खोटं बोललेली नाही. कोपऱ्यातली छत्री कोपऱ्यातच आहे, ती हलवलेलीही नाही. पण पाऊस थांबला होता हे आता कशाच्या आधारावर मानायचं? आणि आईची छत्री कुठे आहे? दादानं ती नेली असेल, तर तो कुठे आणि कुणासाठी गेला हे घरातल्या कुणाला तरी ठाऊक होतं. जुनी सात वाक्यं जशीच्या तशी आहेत, फक्त त्यांच्याखालची जमीन सरकली. हा प्रामाणिक खेळ. त्याऐवजी ती 'खरं तर त्या दिवशी मी घरात नव्हतेच' असं म्हणाली, आणि आधीच्या दोनशे पानांत त्याचा एकही धागा नसला, तर ती लबाडी. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या एका कादंबरीवर नेमका हाच वाद झाला: लेखिकेनं वाचकाशी प्रामाणिक खेळ केला की नाही? कादंबरीचं नाव इथे सांगत नाही, कारण या उत्तरात ते घेतलं तरी तिचं गुपित फुटेल. ती वाचलेल्यांनी दुसऱ्यांदा वाचावी. वाक्यं किती जपून घडवली आहेत ते तेव्हाच दिसतं.

वाचण्याच्या पद्धतीबद्दल थोडं. हातात पेन्सिल ठेवा आणि दोनच खुणा करा. निवेदक न विचारता काही ठासून सांगतो तिथे एक, आणि तो एखाद्या प्रसंगावरून पटकन उडी मारतो तिथे दुसरी. टिपणं काढत बसू नका, त्यानं वाचनाचा तपास होतो. पुस्तक शक्यतो प्रकरणाच्या मध्येच बंद करा. प्रकरणाच्या शेवटी लेखकानं मुद्दाम ओढ लावलेली असते आणि त्या ओढीत पुढची पानं भरभर उलटली जातात. मधूनच थांबलात तर मन घटनेपेक्षा माणसाभोवती जास्त रेंगाळतं. पहिलं वाचन शक्यतो ऑडिओबुकवर करू नका. वाचणारा चांगला असला तरी त्याला 'नक्की लावलेलं होतं' हे कुठल्यातरी एका सुरात म्हणावंच लागतं, भेदरून, हट्टानं किंवा थंडपणे. तो सूर लागला की तिन्ही शक्यतांमधल्या दोन बाद. दुसऱ्या वाचनासाठी मात्र ऑडिओबुक छान, कारण वाचून दाखवणाऱ्यानं कोणता अर्थ लावला हे ऐकायला मिळतं.

पुस्तक सोडायचं झालं तर ते कधी? रहस्य अजून उलगडलं नाही हे त्याचं कारण होऊ नये. निवेदिकेबद्दल तुम्हाला काहीच वाटेनासं झालं असेल, तिचा आवाज कानात राहत नसेल, आणि पेन्सिलीच्या खुणा जिथे जिथे केल्यात तिथे तिथे फक्त लेखकाची सोय दिसत असेल, तर खुशाल सोडा. गाजलेलं पुस्तक प्रत्येकाला आवडावं असा काही नियम नाही.

तुम्ही निम्म्यावर आहात. पुढचं पान उलटण्याआधी पहिलं प्रकरण पुन्हा एकदा वाचा, जिथे तो माणूस नाहीसा होतो ते. त्यात फार तर अर्धा तास जाईल. पहिल्यांदा वाचताना तुम्ही त्या माणसाकडे बघत होता, या वेळी सांगणारीकडे बघा. ती त्याच्याबद्दल भूतकाळात बोलते की वर्तमानात, त्याचं नाव घेते की नात्यानं उल्लेख करते, त्या दिवसातला कुठला तास तिनं गाळला आहे. तो गाळलेला तास सापडला तर जिथे थांबला होता तिथून पुढे चालू लागा. आणि नाहीच सापडला, तरी वाचत राहा: बहुधा तो पुस्तकाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, भलत्याच कुठल्यातरी दिवसाबद्दल बोलताना तिच्या तोंडून निसटेल.